परातीतला सूर्य

पितळी परात, अंगणाच्या मधोमध. काठोकाठ पाणी. पाण्यात सूर्य.

पंखा सुरू झाला की गावातली कुत्री आधी भुंकायची, मग पळायची, मग शेपूट हलवत परत यायची.

"भाकरी थापायला क्रेडिट आहे का हो मॅडम?"
"नाही काकू. त्याचा पेपर नाही."

घुमटाच्या कापडावर जिथं व्याधाचा तारा पडायचा, नेमकं तिथंच उंदरानं भोक पाडलं. घरातल्या जुन्या निळ्या परकराचं ठिगळ लागलं. तेव्हापासून व्याध निळसर दिसायला लागला आणि एका गुरुजींनी पाठ थोपटली, की रंग अगदी बरोबर दाखवता तुम्ही.

आकाशविज्ञान, प्राथमिक. निकाल राखून ठेवला आहे.

"शांत बसा. डोळे मिटा. आता हळूच उघडा. बघा, रात्र झाली."

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. घर सेलूचं, स्टेशनाकडून गावात येताना लागतं. घरात तीन माणसं: माणिक दुधाटे, त्याची बायको सुनंदा आणि मुलगी आर्द्रा. मुलीला नक्षत्राचं नाव ठेवलं म्हणून सासुरवाडीचे लोक बारशालाच कुरकुरले होते. माणिकनं ऐकलं नाही. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीतच तो तेव्हा नव्हता. त्याच महिन्यात त्याचं तारांगण आलं होतं.

तारांगण म्हणजे काय, तर कापडाचा एक प्रचंड घुमट. पंखा लावला की फुगायचा, बंद केला की म्हातारीसारखा खाली बसायचा. आत मधोमध प्रोजेक्टर. पोरं रांगत आत शिरायची आणि गोल करून बसायची, की माणिक आकाश सुरू करायचा. जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड. एकही झेडपीची शाळा त्यानं सोडली नाही. शिक्षण म्हणाल तर बारावीला दोनदा आपटलेला गडी. वाचून वाचून शिकला. जे वाचलं नव्हतं ते जुळवून सांगायचा, आणि जुळवलेलंच त्याला जास्त रंगवता यायचं.

सुनंदा अंगणवाडीत मदतनीस होती, म्हणून आर्द्रा चालायला लागल्यापासून बापाबरोबर टेम्पोत. अंधारात सगळ्यात पुढं, प्रोजेक्टरला टेकून. पोरांनी गडबड केली तर तीच म्हणायची, "ए, गप. अप्पा रात्र करायलाय."

मे महिन्यात शाळा बंद, म्हणून घुमट जत्रेत लागायचा. एका मे महिन्यात आत इतकं उकडलं, की शो अर्ध्यावर थांबवून सगळे बाहेर आले. आर्द्रा पाचेक वर्षांची असेल. तिनं विचारलं, "अप्पा, एवढं ऊन का रे?"

माणिकच्या तोंडात पाण्याची बाटली होती. एक घोट घेऊन त्यानं जे सुचलं ते सांगितलं. "पाहुणा आलाय ना. वर्षभर लांब असतो बिचारा. मे महिन्यात आपल्याला बघायला जवळ येतो."

पोरगी विचारात पडली. घरी गेल्यावर तिनं आईची परात ओढत अंगणात आणली आणि तांब्या-तांब्यानं भरली.

"काय करायलीस गं?" सुनंदा ओरडली.

"पाहुण्याला पाय धुवायला पाणी नको?"

त्या दिवसापासून दर वर्षी, ऊन सगळ्यात कडक लागेल त्या दिवशी, दुधाट्यांच्या अंगणात परात. परातीत सूर्य उतरायचा. थंडीत आर्द्रा आभाळाकडं बघून म्हणायची, "लांब गेलाय. कुठं राहत असेल, काय खात असेल." सोळाव्या वर्षीही ती परात ठेवायची, थट्टेनं, पण ठेवायची.

मधल्या काळात मानवतला एका निवृत्त मास्तरांनी शो संपल्यावर माणिकला बाजूला घेतलं. चारचौघांत बोलले नाहीत, एवढं त्यांचं भलेपण. "छान सांगता. पण ते पाहुण्याचं चुकीचं आहे बरं का. उन्हाळा होतो तो पृथ्वी कललेली आहे म्हणून. आपल्याकडं किरण सरळ पडतात, दिवस मोठा असतो. अंतराचं म्हणाल, तर नेमकं उलट आहे."

माणिकनं दुसऱ्या दिवसापासून शोमधलं ते वाक्य काढून टाकलं. घरातलं काढलं नाही.

*

प्रश्न. खालीलपैकी कोणती गोष्ट शिकवावी लागते?
(अ) चालणे
(ब) तारे ओळखणे
(क) पाहुण्याला पाणी देणे
(ड) विसरणे

*

आता टोपीच्या परीक्षेविषयी.

शाळांमध्ये पोरांच्या डोळ्यांवर चढवायचे चष्मे आले, आकाश त्यांच्यातच मावलं, आणि माणिकचा घुमट माळ्यावर गेला. पंखा तेवढा कामाला राहिला: माणिक तो उरुसात, वाढदिवसांना लहान पोरांच्या उड्या मारायच्या फुग्याला जोडायचा. पोटापुरतं चाललं होतं. आर्द्राला मात्र बंगळूरला जायचं होतं, दुर्बिणी बांधायला शिकवणाऱ्या संस्थेत. तिथं थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा, पण आधीच्या दोन वर्षांचे सगळे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तुमच्या खात्यावर हवेत. ते कॉलेजात बसून मिळवा, नाहीतर परीक्षा देऊन मिळवा. कुठं शिकलात, कुणाकडून शिकलात, कुणी विचारत नव्हतं. येतं का, एवढंच.

येतं का, हे पाहायला पेपर लिहावा लागत नव्हता. परभणीच्या मापन केंद्रात एका खुर्चीत बसायचं, डोक्यावर जाळीची टोपी घालायची. समोर प्रश्न येतो. माणूस विचार करायला लागण्याआधीच मेंदूत उत्तराची एक लहर उठते. टोपी तेवढीच पकडते. तोंडानं काय बोललात याला किंमत नाही. त्यामुळं कॉपी नाही, इंग्रजी येत नाही म्हणून अडणं नाही, अक्षर वाईट म्हणून मार्क जाणं नाही. लोकांना ही परीक्षा आवडली होती, आणि का आवडू नये?

अडचण होती ती आठवणीच्या स्वभावात. आठवण काढली, की ती थोडा वेळ मऊ पडते, भिजवलेल्या कणकेसारखी. मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यासोबत जे असेल तेवढंच तिच्यात राहतं. उत्तर बरोबर आलं, की टोपी तोच प्रश्न पुन्हा विचारते: वेगळ्या चित्रात, वेगळ्या शब्दांत, वेगळ्या आवाजात, शेकडो वेळा. कुठूनही विचारलं तरी उत्तर तसंच उठलं पाहिजे, तरच ते प्रमाणित. या घोटणीत उत्तर पोलादासारखं पक्कं होतं. पण ते कधी ऐकलं, कुठं ऐकलं, सांगणाऱ्याच्या कपड्यांना कसला वास होता, हे प्रत्येक वेळी थोडं थोडं मागं राहतं आणि शेवटी सुटून पडतं. डॉक्टरांनी याला लांबलचक नाव दिलं होतं. मराठीत लोक संदर्भगळ म्हणायचे. जशी केसगळ, जशी बोराच्या झाडाची फळगळ.

हे लपवलेलं नव्हतं. केंद्राच्या प्रमुख तहसीन मॅडम प्रत्येकाला समोर बसवून समजावत. "ज्ञान जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो," त्या म्हणायच्या. "आणि खरं सांगा, आपल्याला अ आ इ कुणी शिकवलं ते तरी कुठं आठवतं?"

माणिकला हे पटलं होतं. मुलीला केंद्रावर घेऊन गेला तोही तोच.

*

पहिला पेपर भूगोलाचा. आर्द्रा पास झाली. परतताना बसमध्ये माणिकनं तिला चाचपून बघितलं.

"पृथ्वी फिरते ते कशी दाखवली होती मी तुला?"

"कशी म्हणजे? फिरतेच ती."

"आईच्या डोक्यावर टॉर्च मारून? जत्रेत? ती चिडली होती बघ."

आर्द्रा हसली. दुसऱ्याच्या घरातली गंमत ऐकून हसावं, तशी.

"मस्त," ती म्हणाली. "खरंच केलं होतंत असं?"

केलं होतंत. माणिकनं खिडकीबाहेर बघितलं. पोरगी त्याला आजवर अरे-तुरे करत आली होती. सगळ्या गल्लीत ती एकटीच बापाला तू म्हणायची आणि त्यावरून सुनंदा तिला कितीदा बोलली होती.

गणित झालं. बेरीज तिला टेम्पोच्या टपावर बसून चांदण्या मोजत आली होती, ते गेलं. भौतिकशास्त्र झालं, घुमट का फुगतो, कापड का तरंगतं, हे दोघांनी मिळून पंख्यापाशी पालथं पडून बघितलं होतं, ते गेलं. प्रत्येक पेपरनंतर तिचा चेहरा जास्त शांत, उत्तरं जास्त झटपट. तिला काही दुखत नव्हतं. उणं झालेलं ज्याचं त्याला दिसत नाही. ते बघायला दुसरं माणूस लागतं.

माणिकनं तिला सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. रोज जेवताना एकेक आठवण पुढं करायचा. ती मन लावून ऐकायची. सांगितलेलं तिला कळायचं, आठवायचं नाही.

सुनंदाचं मात्र काहीच गळलं नाही. तिनं पोरीला भाकरी शिकवली होती, फाटलं तर टाके घालायला, तापात डोक्यावर घडी ठेवायला, मयताच्या घरी जाऊन नुसतं बसायला. यातल्या कशाचाच पेपर नव्हता. आर्द्रा परातीत पीठ मळायला बसली की आपसूक म्हणायची, "आई, तुझा आवाज येतो बघ कानात, कडेनं दाब, कडेनं दाब." सुनंदा हे ऐकायची आणि नवऱ्याकडं न बघता चुलीपुढं सरकायची. नवऱ्याच्या देखत श्रीमंत असल्याची तिला लाज वाटत होती.

*

आकाशविज्ञानाचा निकाल राखून ठेवला.

तहसीन मॅडमनी दोघांना आत बोलावलं. "सगळं उत्तम आहे, एक सोडून. पृथ्वी सूर्याच्या जवळ कधी असते, या प्रश्नाला हिची लहर मे महिना म्हणते."

"पण मला बरोबर उत्तर माहीत आहे," आर्द्रा म्हणाली. "नववीला होतं आम्हाला."

"माहीत आहे गं. बोलताना तू बरोबरच बोलतेस. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी उठतं. खूप लहानपणी बसलेलं आहे ते." मॅडम माणिककडं वळल्या. "हे हिला कुणी सांगितलं, काही कल्पना?"

माणिकनं कान खाजवला. आर्द्राच म्हणाली, "अप्पांनी." आणि मग तिचा चेहरा उजळला, कितीतरी महिन्यांनी. "जत्रेत. पाण्याची बाटली होती तोंडात. शर्ट पाठीला चिकटला होता. पाहुणा आलाय म्हणाले. मी परात ठेवली. अप्पा, हे मला आठवतंय! हे कसं काय राहिलं?"

"चुकलेलं उत्तर आम्ही घोटत नाही," तहसीन मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून ते त्याच्या पत्त्यासकट राहतं."

उपाय होता. ज्यानं चूक बसवली त्यानंच ती काढायची. मूळ माणसानं शेजारी बसून, त्याच आवाजात, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आठवण जागी होते, मऊ पडते. तेवढ्यात त्याच तोंडून उलट वाक्य आलं, की मेंदू दचकतो आणि जुनं सोडून नवं धरतो. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही. मेंदू परक्यासाठी दचकत नाही. मग टोपी नवं उत्तर घोटून घेते.

"आणि परात?" माणिकनं विचारलं.

मॅडमनी समोरचा कागद पालथा घातला. "जाईल, दादा."

*

"जाऊ नका म्हणते का मी?" सुनंदा म्हणाली. घरात जेवणं झाली होती, आर्द्रा शेजारी गेली होती.

"तू काहीच म्हणत नाहीस."

"काय म्हणू? शो करताना हजार पोरांना खरं सांगितलंत, हिलाच तेवढं खोटं ठेवलंत. का?"

"तिला आवडायचं."

"तुम्हाला आवडायचं."

माणिकनं ताटं उचलून मोरीत ठेवली.

"नाही गेलात तर काय होईल?" तिनं विचारलं.

"हा पेपर अडला तर बंगळूर नाही. वर्ष संपलं की बाकीचे श्रेयांकही बाद. म्हणजे गेलं ते गेलं, आणि मिळालंही काही नाही."

"मग बसा जाऊन तिच्याशेजारी."

"तुझं बरं आहे," माणिक म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली. सुनंदा उठली, आणि घासून ठेवलेली परात पुन्हा घासायला घेतली.

आर्द्रानं दुसऱ्या दिवशी स्वतःच विषय काढला. "अप्पा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही देणार. खरंच. दुसरं काहीतरी शिकेन, इथंच." ती खाली बघत होती. "तुम्ही बाकीचं सांगता ना, ते मला गोष्टीतल्या मुलीचं वाटतं. हे एकच माझं वाटतं."

पोरीनं दोन्ही दोर त्याच्या हातात दिले होते.

*

प्रश्न. एका बापानं काय करावं?
(अ) खरं सांगावं.
(ब) खरं सांगू नये.
वेळ: दिवा हिरवा असेपर्यंत.

*

जानेवारीतली सकाळ होती. केंद्राच्या खोलीत फरशी पायाला चटका देत होती, इतकी गार. आर्द्रा टोपी घालून बसली. माणिकला अगदी जवळ बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल असं.

"तेव्हासारखंच म्हणा," तहसीन मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या. "दिवा हिरवा झाला की आठवण मऊ झाली समजा. मग दुसरं वाक्य."

माणिकनं डोळे मिटले आणि घुमटात गेला.

"शांत बसा," तो म्हणाला. "डोळे मिटा. आता हळूच उघडा."

आर्द्राचे ओठ हलले. ती हसत होती.

"एवढं ऊन का, सांगू? पाहुणा आलाय. वर्षभर लांब असतो बिचारा. मे महिन्यात आपल्याला बघायला जवळ येतो."

दिवा हिरवा झाला.

माणिक थांबला. पंख्याचा आवाज नव्हता, कुत्री भुंकत नव्हती, तरी त्याच्या पाठीवरून घाम उतरायला लागला. काचेपलीकडं मॅडमनी बोट वर केलं. तो बघत राहिला. डोळे न उघडताच आर्द्रानं त्याचा हात चाचपडत धरला आणि म्हणाली, "अप्पा, तू परात ठेवलीस का? तापलं असेल बघ पाणी."

तू.

मॅडमनी बोट खाली घेतलं नव्हतं. माणिकच्या मनात आलं, नुसतं गप्प बसलं तरी पुरे. काहीच करायचं नाही. दिवा विझेल आणि ही घरी येईल. मे महिन्यात परात ठेवील, पुढच्या मे महिन्यात ठेवील. मग तिच्या हातातली ताकद त्याला जाणवली. दुर्बिणीचा आरसा पेलेल असा हात झाला होता पोरीचा. कधी झाला, ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यानं ते दुसरं वाक्य म्हटलं. घुमटातल्याच आवाजात, एकही शब्द न चुकता.

"______________________."

तिचा हात दचकला. मग सैल झाला. दिवा विझला आणि टोपीचं घोटणं सुरू झालं. तो उठून बाहेर आला तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या सुनंदानं डबा उघडून त्याच्यापुढं धरला, आणि तो उभ्याउभ्या भाकरी खात राहिला, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

दुपारी आर्द्रा आली. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. "झालं! किती सोपं होतं ते. थँक यू अप्पा, तुम्ही एवढ्या थंडीत आलात." आणि पायात चपला सरकवत, "तुम्हाला का बसवलं होतं हो शेजारी?"

"सोबत म्हणून," माणिक म्हणाला.

*

मे महिन्यात बंगळूरहून फोन आला. पडद्यावर आर्द्रा, मागं पांढऱ्या कोटातल्या मुली. तिकडं हवा छान आहे, सेलूत कसं?

"आग पडलीय उन्हाची," सुनंदा म्हणाली. "केस किती गळायले गं तुझे? तेल लावतेस का?"

"लावते आई. तू सांगितलं तसंच, कोमट करून."

माणिकनं फोन हातात घेतला. अंगणात उजेड बरा म्हणून तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मागचं अंगण तिला दिसलं.

"अप्पा, ते परातीत पाणी कशाला ठेवलंय? चिमण्यांना?"

पाणी चकाकत होतं. माणिकनं त्याच्याकडं बघितलं, डोळे दिपेपर्यंत.

"हो," तो म्हणाला. "चिमण्यांना."

पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.